आईंच्या टेबलावरचे आप्पा

सासऱ्यांना मी आधी आतून पाहिलं, मग बाहेरून.

लग्न ठरायच्या आधी नवऱ्याने मला एक जाडजूड पुस्तक दाखवलं होतं, मेडिकलच्या मुलांचं. त्यात कातडी काढलेला एक दंड होता, एकेक स्नायू पिळलेल्या दोरीसारखा. "हे आमचे आप्पा," तो म्हणाला. मी घाबरून विचारलं, "बरे आहेत ना?" तो म्हणाला, "उत्तम. रोज सकाळी पळायला जातात. चित्र आईने काढलंय." असल्या घरात पडावं की पडू नये, याचा मी बरेच दिवस विचार केला. शेवटी पडले. मुलगा बरा होता, आणि दंडही.

माझ्या सासूबाई, म्हणजे आई, मेडिकल कॉलेजच्या पुस्तकांसाठी चित्रं काढतात. मूळच्या त्या चित्रकलेच्या विद्यार्थिनी. शेवटच्या वर्षाला सगळ्या वर्गाला मेडिकल कॉलेजचा डिसेक्शन हॉल दाखवायला न्यायचे, तसं त्यांनाही नेलं. टेबलावरची बॉडी बघून वर्गातले एकेक वीर ओकायला बाहेर पळाले. आईही पळाल्या, पण तोंड धुऊन परत आल्या, कारण हात अर्धा काढून झाला होता आणि अर्धं काम टाकून उठायची त्यांना सवय नव्हती. तिथल्या प्राध्यापकांनी ते चित्र ठेवून घेतलं आणि पुढे कामच दिलं. तेव्हापासून आजपर्यंत आई तेच करतात.

हॉलमध्ये त्यांचे दोन नियम. टेबलावर कोण आहे ते विचारायचं नाही, आणि चेहऱ्यावरचा कपडा काढायचा नाही. चेहरा हवा असेल तर दुसऱ्या कुणाकडून काढून घ्या, असं त्यांनी पहिल्याच वर्षी प्राध्यापकांना तोंडावर सांगितलं होतं. घरी आल्या की चपला बाहेर, कपडे बादलीत, डोक्यावरून अंघोळ आणि मगच चहा. तरी केसांना प्रेतं टिकवायच्या फॉर्मलिनचा वास राहायचाच. आप्पा म्हणायचे, "लोकांच्या बायका अत्तर लावतात. आमची टिकाऊ आहे."

पण खरी गंमत घरातल्या कामाची होती. मेलेल्या माणसाचा स्नायू पूर्ण खरं सांगत नाही, असं आई म्हणतात. तो नुसता पडलेला असतो, ओल्या टॉवेलसारखा. कुठून निघतो आणि कुठे चिकटतो एवढं कळतं. ओढला गेला की कसा दिसतो ते कळत नाही. म्हणून हॉलमध्ये काढलेलं चित्र त्या घरी आणत, काचेच्या टेबलावर ठेवत, खालून दिवा लावत आणि वर ट्रेसिंग पेपर पसरत. मग समोर तीच पोझ घेऊन जिवंत माणूस बसवायचा आणि वरच्या कागदावर त्याला काढायचा. खाली मेलेला, वर जिवंत. दोन्ही जुळवून तिसरं चित्र, ते पुस्तकात जायचं. आणि हा जिवंत माणूस म्हणजे आप्पा.

आप्पा शाळेत पी.टी.चे सर होते. अख्ख्या शाळेला एका शिट्टीवर सावधानात उभं करणारा हा माणूस घरी बायकोने "हलू नका" म्हटलं की पुतळा व्हायचा. नाकावर माशी बसली तरी हलणार नाही. लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात आईंनी त्यांना पहिल्यांदा बसवलं होतं, खांद्यासाठी. त्यानंतर गुडघा झाला, पोटरी झाली, पाठ झाली. मुलांच्या पिढ्याच्या पिढ्या आप्पांवर डॉक्टर झाल्या आणि आप्पांना त्याचा भलता अभिमान. दवाखान्यात गेले की डॉक्टरला विचारायचे, "तुम्ही माझ्यावर शिकलात की नव्या पुस्तकावर?"

आईंचा स्वभाव मात्र काळजीचा. माणूस आत कसा आहे हे ज्याला माहीत, त्याला निवांत झोप कशी लागणार? मला जेवताना ठसका लागला तर बाकीचे पाणी देतात. आईंना माझी श्वासनलिका दिसते. नवरा घरी यायला उशीर झाला की त्यांच्या डोळ्यांपुढे कुठली कुठली हाडं येतात, लॅटिन नावांसकट. मी सुरुवातीला हसायचे. मग मलाही सवय लागली, आणि आमच्या घरात दोन बायका खिडकीत उभ्या राहायला लागल्या.

गेल्या वर्षी एका प्रकाशकाने आईंना वेगळंच काम दिलं. चित्रकलेच्या मुलांसाठी पुस्तक करायचं होतं. चित्रकार माणसाचं शरीर कसे शिकत आले, प्रेतं कुठून मिळवत, कशी उघडत, कशी रंगवत. जुनी चित्रं नव्याने काढायची आणि शेजारी आजचं चित्र. आई खुलल्या. घरभर जुन्या चित्रांच्या प्रती पसरल्या आणि जेवताना आम्हाला इतिहास ऐकावा लागला, घास घशाखाली उतरत असो की नसो.

त्या काळी प्रेत मिळायचं ते बहुतेक फाशी दिलेल्याचं, तेही थंडीत, कारण उन्हाळ्यात टिकायचं नाही. कुणी चित्रकार नाकाला फडकं बांधून इस्पितळाच्या मुडदेघरात जायचे, घाईघाईने चिरायचे आणि घाईघाईने काढायचे. छापलेल्या चित्रात मात्र तोच माणूस डोंगरांपुढे ऐटीत उभा. अंगावर कातडी नाही, पण एक हात असा पुढे केलेला की जणू भाषण ठोकतोय. एक तर स्वतःची कातडी हातावर टाकून उभा होता, गरम होतंय म्हणून कोट काढल्यासारखा.

"मेलेला माणूस उभा कसा राहिला?" आप्पांमधल्या पी.टी.च्या सरांना प्रश्न पडला.

"दोरीने टांगायचे. दोरी चित्रात दाखवायची नाही."

आप्पांनी घास खाली ठेवला. "आणि त्याला विचारलं होतं कुणी?"

"फाशी दिलेल्याला कोण विचारतंय? डॉक्टर चित्रात असले की त्यांची नावं लिहून ठेवत. टेबलावरच्याचं क्वचितच."

आप्पा तो घास तसाच ठेवून उठले. आयुष्यभर स्वतः पोझ दिलेला माणूस तो. न विचारता एखाद्याला उभं केलं, तेही दोरीने, हे त्यांच्या मनाला लागलं. आणि एकदा सकाळी पळायला म्हणून बाहेर पडलेले आप्पा परत आले ते देहदानाचा फॉर्म घेऊन.

"हे बघ, मी हो म्हणतोय," ते आईंना म्हणाले. "त्या सगळ्यांना कुणी विचारलं नव्हतं. निदान एक जण तरी आपणहून गेलेला असू दे. मी भरलाय सगळा. खाली जवळच्या नातेवाइकाची सही लागते. ती तुझी."

आईंचा चेहरा असा उतरला की मला त्यांना खुर्ची द्यावीशी वाटली. ज्या बाईचं अख्खं आयुष्य लोकांनी दिलेल्या देहांवर उभं, ती बाई त्या कागदाला हात लावेना.

"ओळखीची बॉडी आपल्या हॉलमध्ये ठेवत नाहीत," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या गावच्या कॉलेजला पाठवतात."

"मग बरंच की. तुला बघायला नको."

"बरं काय त्यात? तिथे कोण काढणार तुम्हाला? कसं काढणार? तुमचा डावा खांदा खाली आहे, त्यांना वाटेल टेबलच वाकडं आहे."

आप्पा हसले. मीही हसले. आई हसल्या नाहीत. त्यांनी फॉर्म उचलून चित्रांच्या खाली सरकवला आणि आत निघून गेल्या. नवऱ्याला मी संध्याकाळी सांगितलं तर तो म्हणाला, "ते दोघं बघून घेतील." आमच्या ह्यांचं सगळ्या अवघड बाबतीत हेच धोरण असतं.

त्यानंतर आईंचं हॉलमध्ये चित्त लागेना. इतकी वर्षं ज्या टेबलापाशी त्या बिनदिक्कत बसल्या, तिथे जायचं म्हटलं की त्या काहीतरी घरकाम काढून उशीर करायच्या. एक दिवस माझ्याशेजारी भाजी निवडताना त्या एकदम म्हणाल्या, "आज टेबलावरच्या माणसाच्या पायाची नखं कापलेली होती गं. नीट, गोल."

मी निवडायची थांबले.

"शेवटी शेवटी स्वतः वाकून कुठे कापता येतात? कुणीतरी कापली असतील. बायकोने, नाहीतर मुलीने. आणि मग त्याच बाईने कॉलेजला फोन केला असेल, घेऊन जा म्हणून. फोन घरच्यांनाच करावा लागतो. मी एवढी नखं काढली आजवर, पण कापलेली आहेत हे कधी पाहिलंच नव्हतं."

मी त्यांच्या पुढ्यातली भाजी काढून घेतली. आप्पांनी मात्र फॉर्मचा विषय सोडला नाही. ओरडत नसत, भांडत नसत, रोज एकदा नुसतं विचारायचे, "झाली का सही?" आणि आई कामाला लागायच्या.

पुस्तकातलं मानेचं चित्र राहिलं होतं. एका रविवारी दुपारी आईंनी आप्पांना खिडकीपाशी स्टुलावर बसवलं, मान उजवीकडे वळवून. कानाच्या मागून निघून गळ्याच्या खाचेपर्यंत तिरका उतरणारा जाड स्नायू असतो, तो त्यांना हवा होता. आप्पा आठ-पंधरा दिवस जरा थकलेले वाटत होते. पळणं बंद करून चालायला लागले होते, जिन्यात थांबत होते. विचारलं तर म्हणायचे, जिन्याला पायऱ्या वाढल्यात.

मी चहा घेऊन गेले तेव्हा आई इतक्या दिवसांत पहिल्यांदा खुशीत दिसल्या. "बघ, बघ," त्या मला म्हणाल्या, "काय सुंदर उठून आलाय आज! असा कधी मिळाला नव्हता. अहो, हलू नका हं. अजिबात हलू नका."

आणि आप्पा हलले नाहीत. तो स्नायू खरंच उठून दिसत होता, आणि नुसता दिसत नव्हता, वर-खाली होत होता. आईंची पेन्सिल सरसर चालली होती. मला आप्पांच्या कपाळावर घाम दिसला. खिडकी उघडी होती, वारा येत होता, तरी घाम.

"आप्पा, बरं वाटतंय ना?"

त्यांनी मांडीवरचं एक बोट तेवढं उचललं. म्हणजे थांब, काम चाललंय.

"त्यांना बोलायला लावू नकोस गं, मान हलते," आई म्हणाल्या. त्यांची नजर कागदावरून गळ्यावर, गळ्यावरून कागदावर. त्यापलीकडे कुठे जातच नव्हती.

मग पेन्सिल थांबली. "श्वास घेताना हा वर यायला नको," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. "नुसत्या बसलेल्या माणसाचा नाही येत." आणि पुढच्या क्षणी त्या अशा उठल्या की खुर्ची मागे आडवी झाली. "अहो! अहो, हला! हला ना!"

आप्पांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. ओठ निळसर झाले होते. त्यांना हलायची परवानगी मिळाली आणि ते स्टुलावरून सरळ माझ्या अंगावर कोसळले.

दवाखान्यात सांगितलं की हृदय थकलंय, फुप्फुसात पाणी साठलंय, पण वेळेवर आणलंत. तरुण डॉक्टर होता. म्हणाला, "तुम्हाला कळलं कसं?" नवऱ्याने सांगितलं, आईने मानेच्या स्नायूवरून ओळखलं. डॉक्टर कौतुकाने आईंकडे बघायला लागला. म्हणाला, आमच्या शिकाऊ मुलांनाही एवढं पटकन दिसत नाही.

आई भिंतीला टेकून बसल्या होत्या. "मी ओळखलं नाही," त्या म्हणाल्या. "मी चित्र काढत होते. माणसाचा जीव चालला होता आणि मी म्हणत होते, काय सुंदर." डॉक्टरला ते समजलं नाही. मला समजलं आणि मी त्यांचा हात धरला.

आप्पा घरी आले, गोळ्यांची पिशवी घेऊन. पण घर पूर्वीचं राहिलं नाही. आईंनी पेन्सिलला हात लावला नाही. काचेच्या टेबलावर मानेचं अर्धं चित्र तसंच पडून राहिलं, अर्धं काम कधी न टाकणाऱ्या बाईचं. प्रकाशकाचे फोन आले तर त्या मला खुणेने "नाहीत म्हणून सांग" म्हणायच्या. दिवसभर त्यांचं एकच काम, आप्पांच्या गळ्याकडे बघणं. ते पेपर वाचताना, जेवताना, टीव्ही बघताना. खाचेजवळ काही हललं की यांचा जीव खालीवर. आप्पांना साधं खाकरायची चोरी झाली.

"अगं, माझ्या तोंडाकडे बघून बोल ना जरा," ते एकदा वैतागून म्हणाले. "मी वर असतो, इथे."

आणि तरी त्यांनी फॉर्मचं टुमणं सोडलं नाही. उलट आता त्यांना घाई झाली होती. एका सकाळी चहा झाल्यावर त्यांनी स्वतःच चित्रांखालून तो कागद ओढून काढला आणि आईंच्या पुढे ठेवला. मला म्हणाले, "सूनबाई, तू साक्षीदार. बस." म्हणाले, "हे बघ, परवा मी गेलो असतो तर तसाच गेलो असतो. माझं एवढं एक मागणं आहे. तुझ्या पुस्तकातल्या त्या टांगलेल्या माणसासारखं मला नाही जायचं आणि राख होऊनही नाही. मी हो म्हणून जाणार आहे."

मला वाटलं आई रडतील नाहीतर उठून जातील. पण त्यांनी पेन घेतलं आणि सही केली. एका दमात, खाली रेघ ओढून, चित्राखाली करतात तशी. मग कागद माझ्याकडे सरकवला. मीही केली.

आप्पांचा चेहरा उजळला. "झालं! उगाच एवढे दिवस जिवाला घोर."

"थांबा," आई म्हणाल्या. त्या आत गेल्या आणि दुसरा कागद घेऊन आल्या. तसाच, छापील. भरलेला. त्यावर नाव आईंचं होतं. "मीही आणलाय. मीही हो म्हणतेय. खाली जवळच्या नातेवाइकाची सही लागते. ती तुमची."

आप्पांनी चष्मा लावला. वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मी पेन त्यांच्या हातात दिलं तर त्यांनी ते धरलं, पण टेकवलं नाही. त्यांची नजर कागदावरून आईंच्या उजव्या हाताकडे गेली. त्या हाताच्या मधल्या बोटाला पेन्सिलीने पडलेला घट्टा आहे, सुपारीसारखा कडक.

"हा हात पण?" त्यांनी विचारलं.

"सगळंच घेतात. हात आधी घेतात, मुलांना सोपा जातो."

"म्हणजे कुणी पोरं येणार आणि हा..." अख्ख्या शाळेला धाक घालणाऱ्या त्या माणसाने तो हात आपल्या हाताखाली झाकून घेतला. "आणि तिथे गार असतं गं. तूच सांगतेस. तुला पंख्याचा वारा सोसत नाही."

"तुम्हाला सोसतो?"

"माझं वेगळं आहे. मी तिथे नसणारच की. माझं मला काय?"

"हो ना," आई म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नव्हता. "तुम्ही नसणार. फोन मी करणार. गाडी आली की दार मी उघडणार. इतके दिवस तुम्ही रोज विचारत होतात, झाली का सही, झाली का सही. तुम्ही काय देत होतात हो? देणार मी होते."

बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होत नव्हती.

"तुझी सही खोडून टाक," शेवटी आप्पा म्हणाले. "नको मला. माझ्या फॉर्मवरची खोड."

"आता झाली ती. तुमची इच्छा आहे, मी पुरी करणार. मला जमेल की नाही ते ठाऊक नाही, पण करणार."

"मला तुझ्या फॉर्मवर नाही जमणार."

"ते दिसतंय."

आप्पांनी पेन टोपण लावून खाली ठेवलं. मग पोरासारखा चेहरा करून म्हणाले, "मग सोपं आहे. मीच आधी जातो. म्हणजे माझ्यावर वेळच येणार नाही."

इतका वेळ खंबीर राहिलेल्या आई त्या वाक्याला कोसळल्या. त्यांनी दोन्ही हातांनी आप्पांचा सदरा धरला आणि गदागदा हलवला, दवाखान्यातून आलेल्या माणसाला हलवू नये इतका. "जायचं नाव काढलंत तर बघा! खबरदार! परत असं बोललात तर बघा!" आणि त्या त्यांच्या गळ्याकडे न बघता, सरळ तोंडाकडे बघत हमसून हमसून रडल्या.

आप्पांचा फॉर्म नवऱ्याने कॉलेजात नेऊन दिला. आईंचा अजून काचेच्या टेबलावर आहे. घर आवरायचं काम निवृत्तीपासून आप्पांकडे असतं. रोज सकाळी ते तो कागद उचलतात, खालची धूळ पुसतात आणि होता तिथेच ठेवतात. त्यांनी सही केलेली नाही. फाडलाही नाही. मी स्वयंपाकघरातून बघत असते आणि रोज मला धडकी भरते की आज ते पेन मागतील, आणि साक्षीदाराची सही पुन्हा मला करावी लागेल.